दोन निवळ द्रावणांतून साका : अवक्षेपणाचे तीन पाठ

'पांढरा अवक्षेप मिळतो' हे वाक्य विज्ञानाच्या उत्तरपत्रिकांत पुष्कळ आढळते. तथापि ते लिहिणाऱ्या प्रत्येक मुलाने तो अवक्षेप डोळ्यांनी पाहिलेला असतोच असे नाही. इयत्ता सातवीच्या एका वर्गात 'अवक्षेप कशास म्हणतात ते दाखवा' असे सांगितले असता बहुतेक मुलांनी कोपऱ्यातील माठाकडे बोट केले. माठाच्या तळाशी गाळ बसतो, तोच अवक्षेप, अशी त्यांची समजूत होती. व्याख्या मात्र सर्वांना मुखोद्गत होती. मुले मठ्ठ होती असा ह्याचा अर्थ नव्हे. शब्द त्यांच्यापर्यंत पोचला होता, वस्तू पोचली नव्हती, एवढाच ह्याचा अर्थ.

खेड्यातील शाळेत प्रयोगशाळा नाही, परीक्षानळ्या नाहीत, रसायने नाहीत, ही अडचण खरी आहे. परंतु अवक्षेपणाच्या पाठापुरती ती फारशी मोठी नाही. ह्या पाठास लागणारा चुना, धुण्याचा सोडा, शिरका आणि मीठ हे पदार्थ गावच्या वाण्याकडे मिळतात. अडचण दुसरीच आहे. प्रयोग हाती घेतला म्हणजे तो पुस्तकाबरहुकूम होईलच असे नाही, आणि तो तसा न झाल्यास वर्गासमोर काय करावे हे शिक्षकास ठरवावे लागते. अवक्षेपणाच्या पाठाचे यशापयश पुष्कळ अंशी ह्या ठरविण्यावर अवलंबून असते. पुढील तीन पाठांची मांडणी ह्या दृष्टीने केली आहे.

गाळ आणि अवक्षेप

पाठास आरंभ करण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःच्या मनाशी एक भेद स्पष्ट करून घ्यावा. ओढ्याचे गढूळ पाणी घागरीत भरून ठेवले की तळाशी माती बसते. ही माती पाण्यात विरघळलेली नव्हतीच. ती पहिल्यापासून घन होती आणि केवळ तरंगत होती. हा गाळ होय. अवक्षेपाचे तसे नाही. दोन निवळ द्रावणे घ्यावीत. दोहोंतून आरपार दिसावे. ती एकत्र करताच मिश्रण ढगाळ व्हावे आणि पूर्वी दोहोंपैकी कोणत्याही पेल्यात नसलेला घन पदार्थ त्यात दिसू लागावा. हा अवक्षेप. मराठीत त्यास साका असेही म्हणतात. बोलण्यात मात्र 'साका' हा शब्द तळाशी बसलेल्या कोणत्याही गाळासाठी वापरला जातो, म्हणून मुलांचा घोटाळा होणे स्वाभाविक आहे.

हे घडते ह्याचे कारण असे. पाण्यात सर्व पदार्थ सारखे विरघळत नाहीत. साधारण तपमानास एका लिटर पाण्यात मीठ सुमारे ३६० ग्रॅम विरघळते. विरलेला चुना सुमारे १.७ ग्रॅम विरघळतो. संगमरवर, शिंपले आणि अंड्याचे कवच ज्या पदार्थाचे बनलेले असते, ते कॅल्शियम कार्बोनेट जेमतेम ०.०१३ ग्रॅम विरघळते. दोन द्रावणे मिसळल्यावर त्यांतील घटकांच्या जोड्यांची अदलाबदल होऊन असा जवळजवळ न विरघळणारा पदार्थ तयार झाला, तर तो पाण्यात राहू शकत नाही. तो घनरूपाने बाहेर पडतो. मुलांना एवढे पुरे आहे. विद्युत्भार असलेले कण, म्हणजे आयन, ह्यांची माहिती शिक्षकास असावी. ती ह्या इयत्तेतील मुलांच्या वह्यांत उतरविण्याची घाई करू नये.

पूर्वतयारी

चुन्याची निवळी पाठाच्या आदल्या दिवशी करावी. एक लिटरच्या स्वच्छ बाटलीत चमचाभर विरलेला चुना घालून ती पाण्याने भरावी, बूच लावून चांगली हलवावी आणि रात्रभर स्वस्थ ठेवावी. सकाळी वरचे निवळ पाणी तळ न ढवळता दुसऱ्या बाटलीत ओतून घ्यावे व तिला लगेच बूच लावावे. निवळी उघडी राहिल्यास हवेतील कार्बन डायऑक्साइड वायूमुळे तिच्यावर पातळ साय धरते. कळीचा चुना वर्गात विरवू नये. तो विरताना फार तापतो व उडतो.

सोड्याचे द्रावण करण्यासाठी अर्धा पेला पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवावा. येथे पाण्याची निवड महत्त्वाची आहे. पुष्कळ गावांतील विहिरींचे पाणी जड असते. अशा पाण्यात सोडा टाकताच ते स्वतःच गढुळते आणि 'दोन निवळ द्रावणे' हे आपले पहिलेच वाक्य खोटे पडते. म्हणून पावसाळ्यात स्वच्छ भांड्यात थेट आकाशातून धरलेले पाणी ह्या कामासाठी राखून ठेवावे. ते नसल्यास मोटारीच्या बॅटरीत घालण्याचे शुद्ध पाणी विकत आणावे.

याखेरीज काचेचे सहा पेले, नरसाळे, गाळण कागद, शिरका, थोडे मीठ आणि पेल्यामागे धरण्यासाठी एक काळा कागद एवढे साहित्य जमवावे. पांढरा साका काळ्या कागदासमोर शेवटच्या रांगेतील मुलासही दिसतो.

पहिला पाठ : निवळी आणि सोडा

शिक्षकाने दोन्ही पेले मुलांपुढे धरावेत आणि त्यांत काय दिसते ते विचारावे. 'पाणी दिसते', 'काहीच दिसत नाही' अशी उत्तरे येतील. ती फळ्यावर जशीच्या तशी लिहावीत. मग दोन्ही एकत्र केल्यास काय होईल, हे मुलांस आधी सांगावयास लावावे. अंदाज चुकला तरी चालेल. अंदाज केलेला मुलगा पुढे अधिक लक्षपूर्वक पाहतो.

ह्यानंतर निवळीत सोड्याचे द्रावण हळूहळू ओतावे. मिश्रण दुधासारखे पांढरे होते. या क्षणी शिक्षकाने बोलू नये. मुलांना पाहू द्यावे व जे दिसले ते त्यांच्या शब्दांत सांगू द्यावे. कोणी 'दूध झाले' म्हणेल, कोणी 'ढग आला' म्हणेल. पेला स्वस्थ ठेवून मधल्या सुट्टीनंतर पुन्हा पाहिल्यास पांढरा पदार्थ तळाशी बसलेला व वरचे पाणी निवळलेले आढळेल. आता 'अवक्षेप' हा शब्द फळ्यावर लिहावा. वस्तू समोर असताना आलेला शब्द मुले विसरत नाहीत.

पुढील समीकरण शब्दांतच लिहावे :

कॅल्शियम हायड्रॉक्साइड + सोडियम कार्बोनेट → कॅल्शियम कार्बोनेट (साका) + सोडियम हायड्रॉक्साइड (द्रावणात)

साका नवा पदार्थ आहे कशावरून ?

एखादा चौकस मुलगा विचारील की, हा पांढरा पदार्थ म्हणजे चुनाच कशावरून नाही? हा प्रश्न कोणी न विचारल्यास शिक्षकाने विचारावा. उत्तर तोंडी सांगण्याऐवजी ते शोधण्याची रीत दाखवावी.

विरलेल्या ताज्या चुन्यावर शिरक्याचे थेंब टाकले असता बुडबुडे येत नाहीत. कॅल्शियम कार्बोनेटवर टाकले असता येतात. तर मग साक्यावर शिरका टाकून पाहावे. परंतु येथे एक फसगत आहे. धुण्याच्या सोड्यावर शिरका टाकला तरी बुडबुडे येतात. साक्यात सोड्याचा अंश राहिलेला असल्यास बुडबुडे साक्याचे की सोड्याचे, हे सांगता येणार नाही. यास्तव साका गाळण कागदावर घेऊन त्यावर चार-पाच वेळा शुद्ध पाणी ओतावे. सोडा निघून गेला हे ओळखण्यासाठी शेवटी खाली आलेले थोडे पाणी ताज्या निवळीत टाकावे. निवळी गढुळली नाही तर सोडा उरलेला नाही. गढुळली तर आणखी धुवावे. मग साक्यावर शिरक्याचे थेंब टाकावेत. आता येणारे बुडबुडे साक्याचेच होत.

ह्या रीतीत मुलांस दोन लाभ होतात. ज्या क्रियेने साका मिळाला, तीच क्रिया परीक्षा म्हणून कशी वापरतात हे त्यांस दिसते. तसेच 'बुडबुडे आले' एवढ्यावर निष्कर्ष काढावयाचा नाही, ते कशाचे हे आधी ठरवावयाचे, ही सवय लागते. चुना जुना व उघडा राहिलेला असल्यास त्यावरही बुडबुडे येतात, कारण हवेतील वायूने त्याचा काही भाग आधीच कार्बोनेट झालेला असतो. शिक्षकाने चुना घरी तपासून मगच वर्गात आणावा.

काही न होणे हेही निरीक्षणच

पहिल्या पाठाच्या अखेरीस मिठाचे निवळ द्रावण आणि सोड्याचे निवळ द्रावण एकत्र करावे. काहीही होणार नाही. पुष्कळ शिक्षक हा प्रयोग निरर्थक म्हणून गाळतात. वस्तुतः तो अत्यावश्यक आहे. तो न केल्यास दोन द्रावणे मिसळली की साका मिळतोच, अशी मुलांची समजूत होते. येथे कोणतीही अदलाबदल झाली तरी होणारे पदार्थ पाण्यात सहज विरघळणारेच असतात, म्हणून बाहेर काही पडत नाही. मुलांनी वहीत 'काही झाले नाही' असे स्पष्ट लिहावे. ती जागा कोरी ठेवू नये.

दूध लिंबाने फाटते, तेव्हाही पांढरा घन भाग वेगळा होतो. मुले हे उदाहरण हमखास देतात. त्याबद्दल त्यांस दोष देऊ नये. परंतु दूध हे निवळ द्रावण नव्हे. त्यातील प्रथिने अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने आधीपासूनच पसरलेली असतात. आंबटपणामुळे ते कण एकमेकांस चिकटतात. हे साकळणे होय. पाठातील अवक्षेपणाहून ते निराळे आहे.

दुसरा पाठ : निवळी आणि श्वास

हा प्रयोग बहुतेक पुस्तकांत आहे आणि बहुतेक शिक्षकांस माहीत आहे. निवळीत नळीने फुंकले की निवळी दुधाळ होते, कारण उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. साध्या हवेत त्याचे प्रमाण शेकडा ०.०४ च्या आसपास असते, तर उच्छ्वासात ते शेकडा ४ च्या सुमारास असते. स्कॉटलंडमधील रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक ह्यांनी चुना व मॅग्नेशिया ह्यांवरील आपला निबंध १७५६ साली प्रसिद्ध केला. ह्या वायूस त्यांनी 'बद्ध वायू' म्हटले, आणि आपण सोडतो त्या श्वासातही तोच असतो हे निवळीच्याच साहाय्याने दाखवून दिले. आज खेड्यातील मूल पेल्यात फुंकते, तेव्हा ते त्याच परीक्षेची पुनरावृत्ती करते.

येथे अवक्षेप दोन द्रावणांपासून न मिळता एका द्रावणापासून व एका वायूपासून मिळतो, एवढा फरक आहे. वायू प्रथम पाण्यात विरघळतो व मग क्रिया होते. मिळणारा पदार्थ तोच, कॅल्शियम कार्बोनेट.

एका वर्गातील प्रसंग

हा प्रयोग एका शाळेत चालू असताना घडलेली हकीकत सर्व शिक्षकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. गुरुजींनी मुलांचे पाच गट केले होते. निवळी थोडी होती. शेवटच्या गटाच्या वाट्यास ती तळाशी बोटभरच आली, म्हणून त्या गटातील मुलींनी पेला पावसाच्या पाण्याने भरून घेतला. मुलींनी आळीपाळीने फुंकण्यास सुरुवात केली. पाणी किंचित पांढरे झाले. इतर गट थांबले, पण ह्या गटाची हौस फिटली नव्हती. त्या फुंकतच राहिल्या. थोड्या वेळाने त्यांतील एकीने हात वर केला.

"गुरुजी, आमचं पांढरं झालेलं पुन्हा निवळलं."

"असं होत नाही," गुरुजी म्हणाले. "तुम्ही पाणी फार घातलंत. पहिल्या गटाचा पेला पाहा आणि तसं लिहा."

मुलीने पहिल्या गटाचा पेला पाहिला. तो पांढराच होता. तिने वहीत 'निवळी दुधाळ झाली' असे लिहिले आणि ती खाली बसली.

गुरुजींच्या मनाला मात्र ती गोष्ट लागून राहिली. मुलगी खोटे बोलणारी नव्हती. शाळा सुटल्यावर त्यांनी स्वतः एका पेल्यात थोडी निवळी घेऊन तीत पंधरापट पाणी घातले आणि काळ्या कागदासमोर धरून ते फुंकू लागले. पाणी पांढरे झाले आणि पुष्कळ वेळ फुंकल्यावर पुन्हा आरपार दिसू लागले. दुसऱ्या दिवशी तास सुरू होताच त्यांनी त्या मुलीस उभे केले व सर्व वर्गास सांगितले, "काल हिने जे सांगितलं ते बरोबर होतं. मी न पाहता नाही म्हटलं. आज आपण सगळे पाहू या." मग त्या मुलीच्या हातूनच तो प्रयोग करविला. वहीतील कालचे वाक्य तिने खोडले नाही. त्याच्याखाली 'पुढे फुंकत राहिल्यास पुन्हा निवळते' असे दुसरे वाक्य लिहिले.

गुरुजींची पहिल्या दिवशीची चूक कोणाच्याही हातून होण्यासारखी आहे. तास संपत आलेला असतो, चाळीस मुले बसलेली असतात, आणि पुस्तकात 'दुधाळ होते' एवढेच छापलेले असते. परंतु त्या एका वाक्यात मुलीने काय शिकावे अशी शक्यता होती, हे पाहिले पाहिजे. आपल्या डोळ्यांनी पाहिलेले वहीत लिहावयाचे नसते, पुस्तकात असलेले लिहावयाचे असते, असे ती शिकली असती. मग प्रयोग करण्याचे प्रयोजनच उरत नाही. दुसऱ्या दिवशीच्या कबुलीने गुरुजींचा मान कमी झाला नाही. त्या वर्गातील मुले त्यानंतर पेल्याकडे अधिक बारकाईने पाहू लागली.

त्या निरीक्षणाचा अर्थ

कार्बन डायऑक्साइड जास्त प्रमाणात मिळत राहिल्यास कॅल्शियम कार्बोनेट, पाणी व तो वायू ह्यांच्यापासून कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होते, आणि ते पाण्यात विरघळणारे आहे. म्हणून साका नाहीसा होतो. मात्र पाण्यात ते मावते तेही ठरावीक प्रमाणातच. श्वासातील वायूच्या बळावर फार थोडे मावते. म्हणून पहिल्या गटाच्या घट्ट निवळीतील साका कितीही फुंकले तरी पुरता विरघळला नसता. पाणी घातलेल्या पेल्यात साकाच थोडा होता, म्हणून तो सबंध विरघळला. 'तुम्ही पाणी फार घातलंत' हे गुरुजींचे म्हणणे खरेच होते, पण ते मुलीच्या निरीक्षणाचे खंडन नव्हते. ते त्याचे कारण होते.

वर्गात हे दाखविण्यासाठी एका भागास बारा ते पंधरा भाग शुद्ध पाणी ह्या प्रमाणात निवळी पातळ करावी आणि दोन-तीन मुलांनी आळीपाळीने, प्रत्येकाने स्वतःच्या नळीने, फुंकावे. वेळ कमी असल्यास निवळीत सोडावॉटर हळूहळू ओतावे. प्रथम साका दिसतो व पुढे ओतत गेल्यास तो विरघळतो. निवळलेले हे पाणी मग भांड्यात घेऊन उकळावे. वायू निघून जातो व पाणी पुन्हा किंचित गढूळ होते. एकच पदार्थ साक्याच्या रूपाने आला, गेला आणि परत आला, हे पाहून मुलांस फार आनंद वाटतो.

ह्या ठिकाणी पाठ गावाशी जोडता येतो. पाणी तापविण्याच्या बंबात आतून जो पांढरा कठीण थर धरतो, तो पुष्कळ अंशी असाच तयार होतो. पावसाचे पाणी जमिनीतून झिरपताना तेथील कार्बन डायऑक्साइड बरोबर घेते व वाटेतील चुनखडीचा अंश विरघळवून विहिरीत आणते. बंबात ते पाणी तापले की वायू निघून जातो आणि चुनखडी आतील बाजूस बसते. काळ्या जमिनीत नांगराखाली येणारे चुनखडीचे पांढरट खडेही जमिनीतील पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडूनच बनलेले असतात. ॲबर्डीन येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस क्लार्क ह्यांनी अशा जड पाण्यात हिशेबाने चुना मिसळून त्यातील चुनखडी साक्याच्या रूपाने काढून टाकण्याच्या रीतीचे पेटंट १८४१ साली घेतले. चुना घालून चुनखडी काढावयाची, हे ऐकण्यास चमत्कारिक वाटते. परंतु ज्या मुलांनी पेला पांढरा होऊन निवळताना पाहिला आहे, त्यांस ते समजावून देणे कठीण जात नाही. घातलेला चुना पाण्यातील बायकार्बोनेटचे पुन्हा कार्बोनेट करतो, आणि ते विरघळत नाही.

तिसरा पाठ : मोरचूद आणि चुना

हा प्रयोग शिक्षकाने स्वतःच करावा, मुलांच्या हाती देऊ नये, कारण मोरचूद विषारी आहे. पेलाभर पाण्यात चिमूटभर मोरचूद विरघळवल्यास निळे पण आरपार दिसणारे द्रावण मिळते. द्रावण निवळ असणे म्हणजे रंगहीन असणे नव्हे, हे येथे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. त्यात चुन्याची निवळी ओतली असता आकाशी रंगाचा फुगीर साका दिसू लागतो. पांढराच साका पाहिलेल्या मुलांस साका रंगीतही असतो हे कळते.

द्राक्षबागा असलेल्या गावांत हा साका शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाचा आहे. बोर्डो मिश्रण ते हेच. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी असे प्रमाण घेतात. ह्या मिश्रणाचा शोधही अनपेक्षित निरीक्षणातून लागला. फ्रान्समधील बोर्डो परिसरात रस्त्याकडेच्या वेलींवरील द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून बागाईतदार त्यांवर मोरचूद व चुना शिंपडीत असत. १८८२ साली केवडा रोगाने बागांची पाने गळत असता ह्या शिंपडलेल्या वेलींची पाने मात्र टिकून राहिल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मिलार्दे ह्यांच्या नजरेस आले. त्यांनी ते दृष्टिआड केले नाही. पुढे प्रयोग करून १८८५ साली त्यांनी ही रीत प्रसिद्ध केली. शेवटच्या गटातील मुलीची हकीकत व ही हकीकत वर्गात एकापाठोपाठ एक सांगाव्यात.

मिश्रणात चुना पुरेसा पडला की नाही हे पाहण्यासाठी शेतकरी त्यात स्वच्छ घासलेले लोखंड बुडवितात. लोखंडावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजतात व आणखी चुना घालतात. हा तांबूस थर म्हणजे द्रावणात उरलेले तांबे होय. ते लोखंडाने विस्थापित केलेले असते, म्हणून त्यास अवक्षेपणाचे उदाहरण म्हणून सांगू नये.

खबरदारी

चुन्याच्या निवळीने डोळ्यांस इजा होते. डोळ्यात थेंब गेल्यास ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवावा व मुलास दवाखान्यात न्यावे. पहिल्या पाठात साका बसल्यावर वर उरलेले पाणीही दाहक असते. त्यास मुलांनी हात लावू नये. नळीने फुंकावयाचे, ओढावयाचे नाही, हे मुलांकडून दोनदा वदवून घ्यावे. नळीस तोंडाच्या बाजूस खाली बारीक छिद्र पाडावे, म्हणजे चुकून ओढले तरी हवाच तोंडात येते. सतत फुंकल्याने घेरी येऊ शकते, यास्तव मुले बदलावीत. प्रयोगाचे पेले पिण्याच्या पाण्यासाठी पुन्हा वापरू नयेत. मोरचुदाचे मिश्रण ओढ्यात वा विहिरीजवळ ओतू नये. ते बाटलीत बंद करून, चिठ्ठी लावून, नमुना म्हणून कुलपाच्या कपाटात ठेवावे. शिसे, पारा वा बेरियम ह्यांची संयुगे ह्या इयत्तांत आणू नयेत. त्यांचे सुंदर रंगीत साके माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत योग्य देखरेखीखाली पाहता येतील.

फलकलेखन व प्रश्न

फळ्यावर चार रकाने आखावेत. 'काय मिसळले', 'आधी काय दिसले', 'नंतर काय दिसले' हे पहिले तीन. चौथ्या रकान्यास 'पुस्तकाहून निराळे काय दिसले' असे नाव द्यावे. बहुतेक वेळा तो रिकामा राहील. तरीही तो असावा. तो आखलेला असला म्हणजे निराळे काही दिसल्यास सांगण्याची परवानगी मुलास आपोआप मिळते. निराळे दिसले ते चुकीनेही दिसलेले असू शकते. त्याची शहानिशा पुन्हा प्रयोग करून करावी, आवाज चढवून करू नये.

पाठाच्या शेवटी पुढील प्रश्न विचारावेत.

१. माठातील गाळ आणि निवळीतील साका ह्यांत फरक काय?
२. साका धुतल्याशिवाय त्यावर शिरका टाकला तर कोणती चूक होईल?
३. मीठ व सोडा ह्यांची द्रावणे मिसळल्यावर वहीत काय लिहावे, व का?
४. तुमच्या विहिरीच्या पाण्यात सोडा टाकल्यावर ते गढुळले. विहिरीच्या पाण्याविषयी ह्यावरून काय कळते?
५. दुधाळ झालेली निवळी पुन्हा निवळली असे एका मुलाने सांगितले. ते खरे की खोटे हे तुम्ही कसे ठरवाल?

गृहपाठ म्हणून प्रत्येक मुलाने घरच्या बंबातील किंवा पाणी तापविण्याच्या भांड्यातील पांढऱ्या थराचा थोडा कपचा आणावा व त्यावर शिक्षकांसमोर शिरक्याचे थेंब टाकून पाहावे. ज्या घरी असा थर धरत नाही, त्या मुलाने 'आमच्याकडे धरत नाही' असे लिहून आणावे व त्या घरचे पाणी कोठून येते हेही लिहावे. गावातील निरनिराळ्या विहिरींची माहिती अशा रीतीने एकत्र झाली म्हणजे जड पाण्यावरील पुढचा पाठ मुलांच्याच वह्यांवरून सुरू करता येतो.